उंबऱ्यावरच्या पिसवा

१

दुकान उघडलं की पहिलं काम पाण्याचं. पसरट भांड्यात कोमट पाणी, त्यात थोडा साबण. शेजारी पांढरं फडकं ओलं करून, घट्ट पिळून, घडी घालून. मग बारीक दातांची फणी, मग वाकड्या टोकाचा चिमटा. एवढी मांडामांड झाली की ससुली दारावरची पाटी उलटी फिरवायची आणि दिवस सुरू व्हायचा.

कुत्र्यामांजरांना न्हाऊमाखू घालायचं, केस कापायचे आणि अंगावरच्या पिसवा-गोचिड्या काढून द्यायच्या, असं ते दुकान. मागच्या खोलीत काही पिंजरे होते. बाहेरगावी जाणारी माणसं आपली जनावरं तिथं ठेवून जायची. मालकीणबाईंना सगळे ताई म्हणत. ससुलीचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण दाराची कडी वाजली तरी हिचे कान उभे राहतात हे पाहून बाबांनी लहानपणीच तिची ससुली करून टाकली होती, आणि ताईंनी एकदा फोनवर ते ऐकलं. झालं. प्राणिशास्त्र शिकलेली मुलगी, पण टम्म फुगलेली गोचीड चिमट्यात आली की मान फिरवून डोळे मिटून घ्यायची.

"अगं, गोचीड आहे ती. वाघ नाही."

"वाघ परवडला, ताई. त्याचे पाय तरी बेताचेच असतात."

कामाला मात्र चोख. शेपटीच्या मुळाशी फणी घालायची, उलटी ओढायची आणि जे निघेल ते ओल्या फडक्यावर झटकायचं. साधी माती असली तर मातीच राहते. पिसवांची घाण असली तर तिच्याभोवती हळूहळू तांबूस कडं उमटतं, कारण ते पचवलेलं रक्तच असतं. मालक शपथेवर सांगायचे, "आमच्याकडे नाहीत हो पिसवा," आणि ताई फडकं पुढे करायच्या.

त्या सकाळी करड्या कोटातल्या एक बाई कुत्रा घेऊन आल्या. दोन दिवस ठेवून घ्याल का, एवढंच विचारलं. कुत्रा थोराड, म्हातारा, राखेच्या रंगाचा. केस जमिनीला टेकलेले, त्यात कुसळं, वाळका पाला, रस्त्याची धूळ. ससुलीनं बाह्या वर केल्या. याच्या अंगावर तर गावंच्या गावं वसली असणार.

काहीच नव्हतं.

तिनं पाठ विंचरली, पोट विंचरलं. कानांच्या आत पाहिलं, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, शेपटीखाली. गोचिड्या जिथं हमखास दडून बसतात अशा सगळ्या जागा धुंडाळल्या. फडक्यावर धूळ पडली आणि धूळच राहिली.

"कुठलं औषध वापरता हो?" ताईंनी कौतुकानं विचारलं.

"काही नाही. त्याला लागत नाही."

बाईंनी दोरी ससुलीच्या हातात दिली. दिली म्हणजे सोडली. जाताना त्यांनी कुत्र्याकडे वळून पाहिलं नाही. कुत्र्यानंही त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो दुकानाच्या मधोमध बसला आणि कोण काय करतंय ते बघू लागला.

"घ्या!" ताई म्हणाल्या. "मुकादम आले. आता चुकारपणा बंद."

२

दोन दिवस झाले, मग आठवडा झाला. बाईंनी दिलेला फोन लागत नव्हता. ताईंच्या तोंडाचा पट्टा रोज थोडा वेळ चालायचा, पण मुकादमाचा त्रास असा काहीच नव्हता. भुंकणं नाही, ओरबाडणं नाही. वाडग्यातलं तो खायचा की नुसतं हुंगायचा, हेही कधी नीट कळलं नाही.

मग एक काळा कुत्रा आला. गवताळ माळावर सोडलेला, मानेभोवती गोचिड्यांची माळच. त्याला टेबलावर चढवून ससुलीनं चिमटा उचलला, एक डोळा मिटला, आणि एवढ्यात मुकादम उठून टेबलापाशी येऊन बसला.

टप्प. टेबलाच्या पत्र्यावर काहीतरी पडलं. मग पुन्हा. मग पाऊण वाटी वाटाणे सांडावेत तसं.

गोचिड्या आपणहून सुटत होत्या.

ससुली दोन पावलं मागं सरली. पोट भरल्याशिवाय गोचीड सोडत नाही. ओढली तर डोकं आत ठेवून तुटेल, पण सोडणार नाही. इथं अर्धपोटी, चपट्या, नुकत्या लागलेल्या गोचिड्यासुद्धा पाय हलवत टेबलाच्या कडेला निघाल्या होत्या. सगळ्या एकाच कडेला. मुकादम डावीकडे बसला होता, त्या उजवीकडे चालल्या होत्या.

"काय भारी औषध असेल गं!" ताई साबणाच्या पाण्यात गोचिड्या लोटत म्हणाल्या. "नाव कळलं असतं तर आपण पेटीभर मागवलं असतं."

"बाई म्हणाल्या काही लावत नाहीत."

"लोक काय, काहीही म्हणतात."

ते ससुलीला पटलं. पटवून घेतलं. काही औषधं कातडीत मुरतात, महिनोन् महिने राहतात. हे तिनं पुस्तकात वाचलेलं होतं. वास असेल काहीतरी, आपल्याला न येणारा. तिनं धीर करून मुकादमाच्या मानेवर नाक नेलं. त्याला कुत्र्याचा वासही येत नव्हता. बंद खोलीतल्या कपाटाला येतो तसा, थोडा थंड वास होता.

"एक काम कर," ताई म्हणाल्या, "याला घरी ने. तुझ्या बाबांना पिसवांचा त्रास आहे ना?"

तो होता. घरच्या बोकोबाच्या अंगावर औषध टाकून झालं होतं, पण पिसवा बोक्यावर कमी आणि फरशीच्या फटींत, गादीच्या शिवणींत जास्त. फवारा मारायचा तर बाबांची छाती अशी, की शेजारी कुणी उदबत्ती लावली तरी त्यांना धाप लागायची. त्यांच्या डॉक्टरांनी तिला जिन्यात गाठून हळूच सांगितलं होतं, एवढी थंडी निघाली तरी खूप म्हणायचं. तेवढे दिवस तरी त्यांना सुखानं झोप लागावी, याखेरीज ससुलीला दुसरं काही नको होतं. रात्र रात्र ते खोकायचे आणि खोकला थांबला की खाजवायचे.

"पिसवा घालवायला कुत्रा घरी नेणारी तू जगातली पहिलीच," ताई हसत म्हणाल्या.

३

बाबा आयुष्यभर बसवर कंडक्टर होते. खोकल्यातून सवड मिळाली की अजूनही त्यांची जीभ त्याच रस्त्यानं धावायची.

"अरे वा! नवीन प्रवासी," त्यांनी मुकादमाला पाहून म्हटलं. "उभ्यानं प्रवास नाही करायचा. बसून घ्या."

मुकादम पलंगापाशी गेला, वर चढला आणि बाबांच्या पायाशी अंग टाकून बसला. जणू जागा आधीच राखून ठेवलेली होती.

ससुलीनं दुकानातली युक्ती केली. पांढरेशुभ्र मोजे गुडघ्यापर्यंत चढवून ती बाबांच्या खोलीत सावकाश येरझाऱ्या घालू लागली. पांढऱ्यावर पिसू लगेच दिसते. रोज मोज्यांवर काळे ठिपके उडून यायचे, पाच मिनिटांत तीळ पेरल्यासारखे. आज तिनं खाली पाहिलं. मोजे कोरे. पुन्हा फेरी मारली, पलंगाखाली पाय घातला. कोरे.

त्या रात्री बाबा खोकले नाहीत, खाजवलंही नाही. ससुली पलीकडच्या खोलीत जागी राहून आवाजाची वाट बघत राहिली, आणि सकाळी उठली तेव्हा आपल्याला झोप लागली होती हेच तिला खरं वाटेना.

"बाबा, झोपलात?"

"पडून होतो छान," बाबा म्हणाले.

थंडी वाढत गेली. बाबांच्या अंगावरचे चट्टे वाळले, मग दिसेनासे झाले. धाप थांबली. छातीतली ती ओली घरघर, जिच्यामुळे तिचा जीव टांगणीला लागलेला असायचा, तीही थांबली. डॉक्टर येऊन गेले. नळी छातीला लावून बराच वेळ ऐकत राहिले, नळी बदलून पाहिली, पुन्हा ऐकलं. "शांत आहे," ते म्हणाले. "अगदी शांत आहे." आणि चहा न घेताच निघाले.

ससुलीनं ताईंना लाडू नाही तरी कोपऱ्यावरच्या बेकरीतला केक नेऊन दिला. ताईंनी मुकादमासाठी जुनी उशी धाडली.

फक्त एक झालं. बोकोबा घरात येईना. तो जिन्याच्या वळणावर बसून राहायचा आणि दार उघडलं की आत बघून अंग फुगवायचा. आणि पिसवा गेल्या नव्हत्या. त्या ससुलीच्या खोलीत आल्या होत्या. तिचे पाय, मनगटं, मान सगळं चावून लाल झालं होतं. जाऊ दे, ती म्हणायची. बाबांऐवजी मला. हा सौदा काही वाईट नाही.

४

सौदा हा शब्द एकदा मनात आला आणि निघेना.

बाबांचे हात गार लागायचे. थंडीच तशी, ससुली स्वतःला म्हणायची, आणि गरम पाण्याची पिशवी त्यांच्या हाताशी ठेवायची. संध्याकाळी पिशवी निवायची आणि हात होते तसेच असायचे. ते खायचे, कारण ती भरवायची. हसायचे, कारण ती काहीतरी बोलायची. पण स्वतःहून काही मागणं थांबलं होतं. पूर्वी चहात साखर कमी पडली की घर डोक्यावर घेणारा माणूस बिनसाखरेचा चहाही पिऊन टाकायचा.

एकदा तिनं नाडी बघायला त्यांचं मनगट धरलं. बोटांखाली धडधड लागली, चांगली जोरकस. तिला हायसं वाटलं. मग लक्षात आलं की ती धडधड बोटांची आहे, तिच्याच. तिनं पकड सैल केली, घट्ट केली, दुसरं मनगट धरलं. स्वतःचं काळीज थांबल्याशिवाय दुसऱ्याचं कसं ऐकायचं, तिला कळेना.

"काय गं, तिकीट तपासतेस?" बाबा म्हणाले.

ती हसली. हसून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली.

तिला दुकानातला, मुकादम यायच्या आधीचा एक दिवस आठवत होता. आठवायचा नव्हता, पण आठवत होता. एका म्हाताऱ्या कुत्रीला मालक आंघोळीसाठी घेऊन आला होता. ताई तिचं अंग पुसत होत्या, मालक तिच्याशी लाडानं बोलत होता आणि ससुली फडकं धरून शेजारी उभी होती. तेव्हा तिनं पाहिलं, की कुत्रीच्या कानामागून गोचिड्या बाहेर निघताहेत. एकीमागून एक, घाई न करता. "ताई, हे बघा," ती म्हणाली. ताई खूश झाल्या, "साबण लागू पडला." मालक तिला "माझी राणी" म्हणत गोंजारतच होता. कुत्री गेली आहे हे त्यांच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला.

ऊब शोधत येतात त्या. ऊब आणि श्वास. परीक्षेत तिनं हे उत्तर लिहिलं होतं, आकृतीसकट.

पण बाबा बोलतात, तिनं मनाला बजावलं. बोलतात, बसतात, आत्ता तर थट्टा केली. वेडी आहेस तू, ससुले. जगाला पिसवांची भीती वाटते आणि तुला पिसवा नसल्याची.

५

एका दुपारी ताईंनी तिला लवकर सोडलं. ससुली आपल्या किल्लीनं दार उघडून आत आली. एरवी ती दारातूनच हाक मारायची. आज नाही मारली. का नाही, ते तिला नंतरही सांगता आलं नाही.

बाबांच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. उंबऱ्याच्या अलीकडे फरशीवर काळपट रेघ दिसली. आपण झाडताना कचरा राहिला, असं वाटून ती वाकली. रेघ हलत होती. पिसवा होत्या. उंबऱ्याला लागून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि एकही पलीकडे नव्हती.

तिनं मान वर केली.

पडदे ओढलेले, मधल्या फटीतून उन्हाची एक पट्टी पलंगावर आलेली. बाबा कुशीवर, मुकादम त्यांच्या छातीशी, नाकाला नाक लागेल इतका जवळ. दोघांचे डोळे उघडे. बाबांचा हात मुकादमाच्या पाठीवर, बोटं केसांत रुतलेली. उन्हाच्या पट्टीत धूळ तरंगत होती, दोघांच्या तोंडांसमोरून, आणि जराही हलत नव्हती.

ससुलीनं श्वास रोखला. खोलीत आवाज म्हणून उरला नाही. तिला वाटलं, थोडं थांबू, आत्ता येईल. ती थांबली. छातीत दुखायला लागेपर्यंत थांबली. बाबांचा स्वेटर तसाच. मुकादमाच्या बरगड्या तशाच.

न राहवून तिनं श्वास घेतला, आणि त्या आवाजाबरोबर दोघांनी माना वळवल्या. एकदम. एकाच बाजूला.

"ये ना आत," बाबा म्हणाले. ओठ हलले. स्वेटर हलला नाही. "दारात काय उभी?"

आणि मग, तिच्याकडे बघत बघत, दोघांनीही श्वास घ्यायला सुरुवात केली.

६

दुसऱ्या दिवशी करड्या कोटातल्या बाई दुकानात आल्या.

"दोन दिवस म्हणाला होतात, बाई!" ताई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तुमच्याकडे दिवस मोजायची पद्धत काही वेगळी आहे का?"

बाई ताईंकडे बघत नव्हत्या. त्या ससुलीच्या मनगटांवरचे चट्टे बघत होत्या.

"तुमच्याजवळ झोपत नाही तो," त्या म्हणाल्या. "घरी कोण आहे?"

"बाबा."

बाईंनी डोळे मिटले. ताई काही बोलणार होत्या, पण मागच्या खोलीत कुणीतरी भुंकलं म्हणून तिकडे गेल्या.

"आमच्याकडे माझी आई होती," बाई म्हणाल्या.

"आता कशा आहेत?"

"गेली."

"कधी?"

"तेच मला नीट सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. मग कोटाची बटणं उगाच लावत राहिल्या. "असा कुणाच्या तरी दुकानात सोडला, हे बरं नाही केलं मी. झोप लागेना मला. उद्या सकाळी तुमच्या घरी येते. दिलात तर नेईन. नाही दिलात तर... मी कोण बोलणार? मीही ठेवून घेतलाच होता. पुष्कळ दिवस."

ससुली संध्याकाळी घरी गेली आणि मोजे घालून उंबरा ओलांडून आत गेली. पलंगाच्या कडेला बसली. मुकादमानं तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बाबांकडे.

"बाबा, तुम्हाला बरं वाटतं ना आता?"

"वाटतं म्हणजे?" बाबांनी बराच विचार केला. "दुखत नाही काही."

"मग?"

"खाजवावंसं वाटतं गं. पण खाजच येत नाही." ते स्वतःच्या हाताकडे कुणा दुसऱ्याचा असल्यासारखं बघत होते. "झोप येत नाही, भूक नाही. तुझी आई गेली तेव्हाचं आठवून बघितलं काल. रडू येईल म्हटलं. नाही आलं. बस डेपोला लागलीय, सगळे उतरून गेलेत, दिवे घालवलेत, आणि मी अजून दांडा धरून उभा आहे. का उभा आहे, ते कुणी सांगत नाही."

"हा राखण करतो ना तुमची," ती म्हणाली.

"राखण बिखण काही नाही. राखून ठेवलंय त्यानं मला, लोणच्यासारखं." बाबा हसले, आणि हसू संपल्यावर छाती एकदा श्वासानं वर आली, उशिरा. "तुला हवं असेल तर उभा राहीन आणखी. तुझ्यासाठी राहीन. मला जड नाही. मला काहीच जड नाही, तीच तर पंचाईत आहे."

ससुलीला ओरडून सांगायचं होतं, राहा. बोलता, हसता, मला हाक मारता. आणखी काय लागतं माणसाला? बाकीच्या गोष्टींवाचून मी चालवून घेईन. रोज संध्याकाळी घरी आल्यावर कुणीतरी ससुली म्हणणारं हवं, मग त्याचे हात गार का असेनात. हे सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. ते उत्तराची वाट बघत होते, निमूट, तक्रार न करता. तशी वाट बघताना तिनं आपल्या बापाला जन्मात पाहिलं नव्हतं.

"उद्या कुत्र्याची मालकीण येणार आहे," ती म्हणाली.

७

बाई आत आल्या नाहीत. जिन्यात उभ्या राहिल्या.

मुकादम उठेना. ओढून उपयोग नव्हता, कारण त्याला धरलं होतं ते बाबांच्या हातानं. ससुलीनं तो हात उचलायचा प्रयत्न केला. मग एकेक बोट धरून केसांतून सोडवलं, जाळीतून सोडवावं तसं. बाबा तिच्याकडे बघत होते. शेवटचं बोट सुटलं तेव्हा त्यांची नजर तिच्यावरच राहिली, पण त्या नजरेत कुणी नव्हतं.

मुकादम खाली उतरला आणि चालू लागला. उंबऱ्याशी पिसवांची रेघ दुभंगली, तो मधून गेला. बाईंनी दोरी उचलली. नखांचा आवाज जिन्यावरून खाली गेला, आणखी खाली गेला, रस्त्यावरचं दार वाजलं.

ससुली भिंतीकडे तोंड करून उभी होती. वळून बघायचं धैर्य नव्हतं. काय केलंस हे, ससुले? स्वतःच्या हातानं?

मागून खोकला आला.

तोच, ओला, घाणेरडा, छातीच्या तळातून उपसून आणलेला खोकला. पाठोपाठ धाप, पाठोपाठ शिवी. "अगं आई गं! चावलं!"

"कुठे?"

"कुठे काय विचारतेस, सगळीकडे! खोलीत जत्रा भरलीय की काय?" बाबा पाय झाडत होते. गालांवर रंग आला होता. तिनं धावत जाऊन त्यांचा हात धरला. हात गरम होता, तापल्यासारखा गरम. तिला हसू फुटलं आणि त्याच तोंडानं रडूही. बाबाही रडले, खोकत खोकत. मग म्हणाले, "तुझ्या आईला चहा बरा जमायचा. तू कर, पण साखर टाक. मोजू नकोस."

तिनं चहा केला. त्यांनी एक घोट घेतला आणि नाव ठेवलं. दुसरा घेतला. दुपारी त्यांना धाप लागली, तिनं पाठीला उशा दिल्या. दार उघडं होतं. कधीतरी बोकोबा आत आला, पलंगाखाली हुंगून गेला आणि खुर्चीवर जाऊन बसला. बाबा मांड्या खाजवत होते, मान खाजवत होते, रक्त निघेपर्यंत खाजवत होते आणि मध्येच "आहाहा" म्हणत होते.

"पाठीला हात पुरत नाही. जरा बघ."

ती त्यांच्यामागे बसली, सदऱ्यात हात घातला आणि नखांनी खाजवू लागली.

"वर. आणखी वर. अगं कुठे चाललीस, थांबा मागे गेला. हां... हां, तिथंच."

ती खाजवत राहिली. श्वासाबरोबर पाठ वर यायची, खाली जायची; वर येताना आत काहीतरी फाटल्यासारखं वाजायचं. उन्हं उतरली. बाबांचं डोकं पुढे झुकलं. बऱ्याच दिवसांनी लागलेली झोप, तिनं मनाशी म्हटलं, मोडायला नको. हात तसाच ठेवून ती बसून राहिली. पाठ ऊबदार होती. अजून ऊबदार होती.

तिच्या मनगटावर काहीतरी हललं. सदऱ्याच्या आतून, त्यांच्या पाठीवरून एक पिसू तिच्या हातावर आली. मग दुसरी. मग बऱ्याच, घाई न करता.

तिनं त्या झटकल्या नाहीत. हातही काढला नाही.